मांजूचं दार : श्रद्धा नसलेल्या माणसाने देवळाचं दार घडवावं का?

रानवाट

मे महिन्यात लेकीकडे रोमला गेले होते. सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या ओवरीत पाच मोठी दारं आहेत. सगळी गर्दी उजवीकडच्या पवित्र दाराजवळ. माझे पाय दुखत होते म्हणून मी गर्दी सोडून डाव्या टोकाला गेले आणि तिथल्या दारासमोर उभीच राहिले.

काशाचं दार, साडेसात मीटर तरी उंच असेल. चर्चचं दार म्हटल्यावर मला संत, देवदूत, प्रभावळी अपेक्षित होत्या. इथे चौकटीचौकटीत माणसं मरताहेत. खालच्या भागात एका चौकटीत एक बाई खुर्चीत कलंडली आहे आणि शेजारी एक लहान मूल रडतंय. ना देव, ना पंख, ना प्रकाशाचे किरण. खुर्ची अगदी साधी, स्वयंपाकघरात असते तशी.

फेब्रुवारीत माझी आई गेली. भाजी निवडताना, खुर्चीतच. मी बाहेरून आले तेव्हा मेथीची जुडी मांडीवर तशीच होती. त्यामुळे त्या दारासमोर माझं काय झालं ते वेगळं सांगत नाही.

परत आल्यावर वाचत सुटले. शिल्पकार जाकोमो मांजू, जन्म १९०८, बेर्गामो. मृत्यू १९९१. दार खुलं झालं १९६४ साली. आणि हा माणूस डाव्या विचारांचा, चर्चमधल्या धर्मश्रद्धेपासून दूर गेलेला! तरी कॅथलिक जगातल्या सर्वांत मोठ्या देवळाला त्याने दार दिलं.

माझा प्रश्न सरळ आहे. श्रद्धा नसताना असं काम खरं होतं का? की श्रद्धा नव्हती म्हणूनच ते झालं? इथे शिल्पकलेतली आणि चर्चमधली जाणती मंडळी आहेत, म्हणून विचारतेय.

सोनटक्का

रानवाटताई, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. मेथीची जुडी डोळ्यांपुढून जात नाही.

धाग्याबद्दल धन्यवाद. वाचतोय.

मोडीवाचक

फक्त नावापुरतं. इंग्रजी बोलणारे 'मॅन्झू' म्हणतात. इटालियन उच्चार आपल्या 'जग'मधल्या ज सारखा, 'जय'मधल्या ज सारखा नाही. तुम्ही मांजू लिहिलंत ते बरोबर आहे. मराठी माणसाच्या तोंडात हा ज जन्मापासून असतो. खरं आडनाव मांझोनी होतं म्हणतात, त्यातलाही ज तोच, म्हणून मी तेही 'मांजोनी' लिहीन.

ओतारी

जेजेतून शिल्पकलेचा डिप्लोमा केला, पंचवीस वर्षं ओतकामात आहे. थोडं सविस्तर लिहितो.

मांजू घरचा गरीब. बाप चांभारकाम करायचा आणि चर्चमध्ये सेवक होता. म्हणजे मेणबत्त्या, घंटा, धूप हे पोराने लहानपणापासून आतल्या बाजूने पाहिलेलं. शिक्षण कॉलेजात नाही झालं. लाकूड कोरणाऱ्याकडे, मुलामा देणाऱ्याकडे, गिलाव्याची नक्षी करणाऱ्याकडे उमेदवारी केली. लष्करी सेवेसाठी वेरोनाला गेला तेव्हा तिथल्या सान झेनो चर्चची मध्ययुगीन काशाची दारं पाहिली. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी त्याने जे दार केलं त्याचं बी तिथे पडलं असं मला ठामपणे वाटतं. १९३० च्या सुमारास तो मिलानला आला, वास्तुविशारद जोव्हान्नी मुत्सिओने त्याला तिथल्या कॅथलिक विद्यापीठातल्या चॅपेलचं काम दिलं. पुढे मिलानच्या ब्रेरा अकादमीत शिकवलं.

आता तुमच्या दाराबद्दल. त्यावरचा उठाव किती कमी आहे ते लक्षात आलं का? काही ठिकाणी आकृती पृष्ठभागातून बोटभरही वर येत नाही. पंधराव्या शतकात इटालियन शिल्पकार दोनातेल्लोने असा दाबलेला उठाव केला होता, मांजू त्याच्याकडून शिकला. बाहेरून सोपं वाटतं, पण हे सगळ्यांत अवघड काम. पूर्ण गोल शिल्पात चूक झाली तर दुसऱ्या बाजूने सावरता येते. इथे गालाचं हाड एक दोरा जास्त वर आलं तर चेहरा भिंतीवर चिकटवल्यासारखा दिसतो.

ओल्या मातीत तो अक्षरशः रेघा ओढायचा, काडीने ओढाव्यात तशा. काशात ओतल्यावर ती रेघ तशीच जिवंत ठेवायची म्हणजे ओताऱ्याची परीक्षा. आधी मातीवरून साचा, साच्यात मेण, मेणाला धातू आत जायला आणि हवा बाहेर पडायला नळ्या, त्यावर उष्णता सोसणारं आवरण, मग भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू. आपल्याकडे याला मधूच्छिष्टविधान म्हणत, बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त ते दिलेलं आहे.

माझ्या हातून एकदा चार फुटांचं पॅनेल गेलं. आवरण नीट वाळलेलं नव्हतं. ज्या भट्टीत काम दिलं होतं तिथे घाई झाली, मीही अडवलं नाही. धातू ओतला आणि आत उरलेल्या ओलीची वाफ झाली. फोडून पाहिलं तर बाईच्या चेहऱ्याच्या जागी जाळी पडलेली. तीन महिन्यांचं काम. म्हणून साडेसात मीटरच्या दारावर तशी नाजूक रेघ शाबूत पाहिली की माझे हात आपोआप जोडले जातात.

श्रद्धेचं नंतर बोलतो.

शाल्मली

ओतारीदादा, कारागिरीबद्दल दुमत नाही. पण मला मांजू जरा जास्तच सुंदर वाटतो. मी इटालियन विसाव्या शतकात लुचिओ फोंतानाची बाजू घेणारी. तो त्याच सुमारास, १९५८ पासून, कॅनव्हासवर सरळ सुरी चालवत होता. महायुद्धानंतर इतकं सगळं मोडून पडल्यावर पंधराव्या शतकाच्या उठावाकडे परत जायचं, हे मागे वळणं नाही का? मांजूचे ते कार्डिनल पाहा, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्मगुरूंची शिल्पं. उंच टोपी, शंकूसारखा झगा, मिटलेले ओठ. एक केला, दोन केले, आयुष्यभर केले. देखणे आहेत, संग्राहकांना हवे होते, विकले गेले.

(फोंतानानेही मिलानच्या दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मुख्य कॅथेड्रलच्या, पाचव्या दाराच्या स्पर्धेत भाग घेतला होता. शेवटी ते दार मिंगुत्सीने केलं. फोंतानाला मिळालं असतं तर काय झालं असतं हा विचार मला छळतो.)

वसईकर

मी वसईचा, जन्माने आणि मनाने कॅथलिक. धागा वाचून राहवलं नाही.

आधी एक माहिती. या दाराचं नाव 'मृत्यूचं दार' असण्यामागे असं सांगतात की अंत्ययात्रा या बाजूने बाहेर निघायच्या. म्हणजे मरणाचा विषय या जागेला परका नाही. पण १९४७ मध्ये दारांसाठी स्पर्धा जाहीर झाली तेव्हा मूळ कल्पना संतांच्या आणि हुतात्म्यांच्या गौरवाची होती. पैसा बव्हेरियाच्या राजघराण्यातल्या एका धर्मगुरूच्या मृत्युपत्रातून आला होता. मांजू निवडला गेला आणि मग वर्षानुवर्षं काम पुढे सरकेना. संतांची वैभवशाली चित्रं त्याच्या हातून उतरत नव्हती.

मध्ये दोन माणसं आली. एक फादर ज्युझेप्पे दे लुका, विद्वान धर्मगुरू, मांजूचे मित्र. दुसरे पोप तेविसावे जॉन. हे पोप शेतकरी घरातले, गाव सोत्तो इल मोंते, बेर्गामोच्या परिसरातलं. म्हणजे मांजूच्याच मातीतले. पोप महाशयांचं शिल्प करण्यासाठी मांजू त्यांच्यासमोर बसू लागला. या दोघांच्या आधाराने विषय बदलून 'मृत्यू' झाला. फादर दे लुका १९६२ मध्ये गेले, पोप महाशय ३ जून १९६३ ला. दार पाहायला दोघेही उरले नाहीत. पोप गेल्यावर त्यांच्या चेहऱ्याचा आणि उजव्या हाताचा साचा मांजूनेच घेतला. २८ जून १९६४ ला दार खुलं केलं ते त्यांच्यानंतरचे पोप सहावे पॉल यांनी.

दारावर वरच्या भागात पवित्र मरियेचं निधन आणि ख्रिस्ताचं शव उतरवणं आहे. त्याखाली आठ छोट्या चौकटी : हाबेल, योसेफ, संत स्तेफन, पोप सातवे ग्रेगरी, हिंसेने आलेलं मरण, पोप जॉन, अवकाशातलं मरण आणि शेवटी रानवाटताईंनी पाहिलेलं, जमिनीवरचं मरण. पोप जॉन त्यात गुडघे टेकून प्रार्थनेत आहेत. बायबलमधली माणसं, पोप आणि एक अनाम बाई एकाच मापाच्या चौकटीत. आमच्याकडे मयतीला म्हणतात, फादर असो की कोळी, खड्डा सारखाच. मला ते दार हेच सांगतं.

आणखी एक. दाराच्या आतल्या बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या मोठ्या सभेचं, दृश्य आहे, आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी कार्डिनल रुगांब्वा पोपना भेटताहेत. ती परिषद ११ ऑक्टोबर १९६२ ला सुरू झाली. आपल्या मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, भारतातले पहिले कार्डिनल, तेही त्या परिषदेत होते. माझे आजोबा त्या काळच्या गोष्टी अभिमानाने सांगायचे. त्याच आतल्या बाजूला मांजूने स्वतःच्या हाताचा पंजा उमटवलाय.

बेलभंडार

वसईकर, छान माहिती. पण पोप आणि कम्युनिस्ट यांची मैत्री ही गोष्ट जरा गोड करून सांगितली जाते असं मला वाटतं. मांजूला साठच्या दशकात लेनिन शांतता पारितोषिक मिळालं. व्हॅटिकनचं दार आणि मॉस्कोचं पारितोषिक, दोन्ही घेणारा माणूस म्हणजे दोन डगरींवर हात. तत्त्व कुठे गेलं?

ओतारी

बेलभंडार, हे मान्य नाही. दोन डगरींवर हात ठेवणारा माणूस फॅसिस्टांच्या काळात गप्प बसला असता.

१९३९ पासून मांजूने क्रुसावरच्या ख्रिस्ताची उठावचित्रांची एक मालिका केली. त्यातल्या एकात ख्रिस्त टांगलेला आहे आणि समोर एक पोट सुटलेला उघडा सैनिक उभा आहे. अंगावर कपडा नाही, डोक्यावर मात्र टोकदार जर्मन शिरस्त्राण. तो ख्रिस्ताकडे बघतोय, बाजारात टांगलेल्या बकऱ्याकडे बघावं तसा. मुसोलिनी सत्तेवर असताना, जर्मनी इटलीच्या बाजूने असताना हे केलं. सत्ताधारी चिडले, चर्चमधलेही चिडले. दोघांना एकदम दुखवणाऱ्याला संधिसाधू म्हणायचं असेल तर म्हणा.

पुढेही हा विषय त्याने सोडला नाही. बेर्गामोत १९७७ मध्ये त्याचं प्रतिकारयोद्ध्याचं स्मारक उभं राहिलं. माणूस पायांनी उलटा टांगलेला, समोर एक बाई उभी. ते त्याने आपल्या गावाला भेट दिलं.

शाल्मली, कार्डिनलबद्दल. १९३४ मध्ये सेंट पीटर्समध्ये त्याने पोप आणि दोन्ही बाजूंना बसलेले दोन कार्डिनल पाहिले, ते दृश्य डोक्यात राहिलं. पहिला कार्डिनल त्यानंतर तीन-चार वर्षांनी. त्याला त्यात चर्चची सत्ता दिसत नव्हती, आकार दिसत होता. झगा म्हणजे एक अखंड उतार, वर छोटंसं डोकं. माणूस जवळजवळ नाहीसाच झालाय, कापडाच्या आत कुठेतरी शिल्लक आहे. मी विद्यार्थ्यांना सांगतो, झग्याची घडी कुठे सुरू होते ते शोधा. सापडत नाही. इतकी हळू वळते ती. एकच आकार चाळीस वर्षं करत राहणं हे मला विक्रीसाठी वाटत नाही. आपल्याकडे एकच बंदिश आयुष्यभर गाणारे होते, त्यांना आपण असं म्हणत नाही.

द्राक्षबाग

नाशिकचा आहे, शिल्पकलेतलं काही कळत नाही. पण वसईकरांचं वाचून दाराचे फोटो मोठे करून पाहिले. वरची मोठी चित्रं आणि खालच्या चौकटी यांच्या मधोमध एका बाजूला द्राक्षाची वेल आणि दुसऱ्या बाजूला गव्हाच्या ओंब्या आहेत. त्याबद्दल कुणी लिहिलं नाही.

ती वेल मांडवावरची नाही, काड्या छाटलेल्या आहेत. आम्ही ऑक्टोबर छाटणी करतो तेव्हा मांडवाखाली अशाच काड्या पडतात. छाटली नाही तर घड धरत नाही. ज्याने ती कोरली त्याने छाटलेली काडी हातात घेतलेली असणार, पेराची जाडी बरोबर आहे. डोळ्याजवळ काडी कशी फुगते तेही.

वसईकर

द्राक्षबागदादा, किती नेमकं पाहिलंत! गहू आणि द्राक्ष म्हणजे आमच्या मिस्सातली भाकर आणि द्राक्षारस, ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त. दोन्ही कापल्याशिवाय होत नाहीत. गव्हाच्याही कापलेल्याच ओंब्या आहेत. मी इतकी वर्षं हे चित्र पाहतोय, पण छाटणीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या रविवारी आमच्या फादरना सांगणार.

अबोली

अगदी खाली प्राणी पण आहेत ना? घुबड, कासव, काटेरी हेजहॉग, डोमकावळा! मरणाच्या दारावर कावळा बघून मला लगेच पिंड आठवला.

मोडीवाचक

अबोली, मलाही पहिल्यांदा तेच आठवलं. पण आपला कावळा आपल्याकडेच ठेवू या, मांजूच्या कावळ्यावर आपली पिंडं नकोत. तो ज्या डोंगराळ भागातला तिथे हे सगळे प्राणी रानात, बांधावर भेटणारे. कासव, हेजहॉग, घुबड, थंडीत दडी मारणारे किंवा रात्री बाहेर पडणारे. मला ते माणसांच्या मरणाखाली चालू असलेलं जमिनीवरचं जगणं वाटतं.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. मांजू इथेही आहे! रॉकफेलर सेंटरमधल्या इटलीच्या इमारतीवर, फिफ्थ ॲव्हेन्यूला, त्याने १९६५ मध्ये केलेलं काम आहे. तिथेही वेल आणि गहू. आणि शेजारी एक स्थलांतरित इटालियन आई, मूल घेऊन. ऑफिसला जाताना मी बावीस वर्षं त्याखालून गेलो, कुणाचं आहे हे आज कळलं. ती आई अनवाणी आहे एवढं मात्र कायम लक्षात राहायचं. आम्ही सामान घेऊन इथे उतरलो तेव्हा बायकोच्या कडेवर आमचा मुलगा असाच होता.

त्याची आणखी दोन चर्चची दारं आहेत. झाल्त्सबुर्गच्या कॅथेड्रलला १९५८ मध्ये, प्रेमाचं दार. तिथल्या तीन दारांतल्या श्रद्धा आणि आशा दुसऱ्या शिल्पकारांकडे गेल्या. आणि रॉटरडॅमच्या सेंट लॉरेन्स चर्चला १९६८ मध्ये, युद्ध आणि शांततेचं दार. ते चर्च १९४० च्या जर्मन बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालं होतं.

म्हणजे या श्रद्धा नसलेल्या माणसाकडे तीन देशांतली चर्चं दार मागायला गेली. कुठेतरी काहीतरी बरोबर चाललं असणार.

शाल्मली

ओतारीदादा, काल रात्री तुमचं वाचून कार्डिनल पुन्हा पाहिले. घडी खरंच सापडत नाही.

फोंताना मी सोडणार नाही, पण 'मागे वळणं' हा माझा शब्द चुकला. क्रुसाची ती मालिका मला माहीत नव्हती. त्या सैनिकाच्या सुटलेल्या पोटात काहीच सुंदर नाही, आणि रेघ तीच, कार्डिनलची. आधी मी फक्त देखणेपण पाहिलं होतं.

एक विचारते. त्याच्या खुर्च्या पाहिल्यात का कुणी? माणूसच नसलेल्या. वेताची बैठक असलेली साधी खुर्ची आणि त्यावर फळं किंवा टाकलेलं कापड. हीसुद्धा त्याने पुन्हा पुन्हा केली. आणि रानवाटताईंनी पाहिलेली बाई पण खुर्चीत.

ओतारी

शाल्मली, नेमकं पकडलंस. रोमच्या दक्षिणेला आर्देआत त्याचं संग्रहालय आहे, तो शेवटची वर्षं त्याच भागात राहिला. १९६९ मध्ये सुरू झालं, दहा वर्षांनी त्याने ते इटलीच्या सरकारला दिलं. मी २०११ मध्ये तिथे गेलो होतो. आत खुर्ची आहे, नर्तकी आहेत, इंगे शाबेल या त्याच्या सहचारिणीची शिल्पं आहेत, गाडीत बसलेली त्याची दोन मुलं आहेत. जूलिया आणि मिलेतो. चर्चमधल्या कामासाठी एक हात आणि घरातल्यांसाठी दुसरा, असं कुठे जाणवत नाही. मुलांच्या गाडीचं चाक त्याने तितक्याच निगुतीने केलंय जितका कार्डिनलचा झगा.

रानवाटताई, श्रद्धेचं राहिलं होतं. माझ्यापुरतं उत्तर असं की मातीसमोर बसल्यावर माणूस खोटं बोलू शकत नाही. त्याला संतांचा गौरव करायला सांगितला, ते त्याला जमेना. दहा-बारा वर्षं त्याने होय-होय करत काहीतरी चकचकीत उभं केलं असतं तर पैसे मिळालेच असते. तो अडून राहिला. त्या अडून राहण्याला मी श्रद्धा म्हणतो, वसईकर कदाचित म्हणणार नाहीत.

वसईकर

म्हणेन की. पोप जॉननाही ते पटलं असावं, म्हणून विषय बदलू दिला. पण ओतारीदादा, एक माझंही ऐका. तुम्ही सगळे मांजूची श्रद्धा शोधताय. त्याला दार देणाऱ्यांची श्रद्धाही थोडी मोजा. आपल्या सर्वांत मोठ्या देवळाच्या तोंडाशी देवाचं नावही न घेता मरणारी बाई ठेवायला परवानगी द्यायची, याला छाती लागते. आमच्या गावात साधं ग्रोटो, म्हणजे मरियेची गुहेसारखी देवळी, रंगवायचं तर तीन बैठका होतात.

बेलभंडार

ओतारी, वसईकर, क्रुसाच्या मालिकेचं मला माहीत नव्हतं. 'दोन डगरी' मागे घेतो.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

द्राक्षबागदादांचं वाचून मी फोटो पुन्हा उघडले. मग शाल्मलीने खुर्चीचं लिहिलं, तेव्हा त्या चौकटीत खुर्ची नीट पाहिली. रोममध्ये मी फक्त बाई आणि मूल पाहिलं होतं. खुर्ची सरळ नाहीये, बाईबरोबर तीही मागे कललीय, कुठल्याही क्षणी पडेल अशी. आणि मूल तिला धरायला धावत नाही. नुसतं उभं राहून रडतंय.

मी पण धरलं नव्हतं. दारातच उभी राहिले होते, पिशवी हातात घेऊन, किती वेळ ते आठवत नाही. सहा महिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं की मी धावायला हवं होतं.

लेकीला तो फोटो पाठवलाय. ऑक्टोबरमध्ये परत जाईन तेव्हा आर्देआलाही जायचं म्हणतेय. ओतारीदादा, रोमहून तिथे जायला बस कुठून मिळते ते लिहाल का?